पहिली दहा मिनिटे

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की पाऊण-एक तासात नळदुर्ग येते. पावसाळ्यात तिथल्या किल्ल्यातल्या पाणीमहालाचे धबधबे पाहायला गाड्यांची रीघ लागते. 13 सप्टेंबर 1948 रोजी भल्या पहाटे याच वाटेने भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली. शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतले हवालदार बचित्तर सिंग आघाडीच्या तुकडीचे नेतृत्व करत होते. शत्रूचा मोर्चा तीसेक यार्डांवर आला असताना मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत शिरल्या. ते पडले, पण सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मागे हलवायला ते तयार झाले नाहीत. जवानांना धीर देत राहिले आणि त्या जखमेनेच गेले. स्वतंत्र भारताच्या अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की हे शौर्य आपण सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. त्या मांडीच्या जखमेविषयी मात्र कोणी बोलत नाही. मांडीतून जाणारी मुख्य रोहिणी फाटली तर धडधाकट माणूस काही मिनिटांत रक्त वाहून मरतो. तेवढ्या वेळात कोणताही डॉक्टर पोचत नाही, पोचतो तो शेजारचा जवान. म्हणून लष्करी वैद्यकशास्त्राचा पहिला धडा डॉक्टरला नव्हे, साध्या शिपायाला दिला जातो. प्रत्येकाच्या गणवेशात ठरलेल्या खिशात जखमेची पट्टी असते. जाडसर गादी, दोन्हीकडे लांब पट्ट्या, सगळे घट्ट बांधलेले पुडके. शिकवण अशी की जखमीला त्याच्याच खिशातली पट्टी बांधायची आणि आपली राखायची, कारण पुढची गोळी आपल्याला लागू शकते. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर टूर्निकेचा पट्टा आवळायचा आणि तो किती वाजता बांधला हे लिहून ठेवायचे. त्यानंतर पलटणीचा नर्सिंग असिस्टंट, मग रेजिमेंटचा डॉक्टर, मग फील्ड हॉस्पिटल, आणि हवामानाने साथ दिली तर हेलिकॉप्टर. ही सगळी साखळी त्या पहिल्या दहा मिनिटांवर टांगलेली असते. आपण पडलो तर कोणीतरी उचलेल, हा भरवसा असलेला माणूसच पुढे सरकतो. सैन्याची सज्जता मोजताना तोफांइतकाच हा भरवसाही मोजावा लागतो.

आता गोळीपेक्षा कठीण शत्रूकडे वळू. एप्रिल 1984 पासून आपले जवान सियाचिनवर आहेत आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने जास्त माणसे नेली. त्याआधी 1962 च्या चीनविरुद्धच्या युद्धात मैदानी मुलखातले जवान घाईघाईने उंच डोंगरात चढवले गेले. त्यांच्यातल्या कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी झाले आणि धट्टीकट्टी तरणी माणसे झोपेत गुदमरली. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीवर गेलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावर जगभर आजही त्याचा आधार घेतला जातो. त्या अनुभवातूनच आजची शिस्त आली. नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांवर आणखी चार. चौदा दिवस शरीराला उसंत दिल्याशिवाय वर पाठवायचे नाही. भूम-परंड्याचा, उमरग्याचा पोरगा चाळिशी पार केलेल्या उन्हात वाढलेला असतो, त्याने बर्फ पाहिला असेल तर पडद्यावर. सुट्टीवरून परतताना पुन्हा काही दिवस खालीच थांबावे लागते, तेव्हा घरचे विचारतात, "अजून ड्युटीवर का गेला नाहीस?" हे थांबणेही ड्युटीच आहे, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

पण या पोराच्या शरीराची कहाणी सियाचिनवर सुरू होत नाही, ती आपल्या धाराशिव जिल्ह्यात सुरू होते. पहाटे साडेचारला तुळजापूर, कळंब, वाशीच्या रस्त्यांवर सैन्यभरतीच्या तयारीतल्या पोरांचे घोळके धावताना दिसतात. पायांत झिजलेले बूट, पोटात चहा. दोन-दोन वर्षे घाम गाळून मैदान मारतात आणि मेडिकलला बाद होतात. कोणाचे तळपाय सपाट, कोणाचे गुडघे एकमेकांना घासतात, कोणाच्या कानात मळ. यातले काही दोष सुधारता येतात, काहींचे निदान तरी वेळेत होऊ शकते. ते पोराला पहिल्यांदा कळते ते भरतीच्या मैदानावर, आणि तोवर घरच्या म्हशीचे दूध विकून भरलेली अकादमीची फी गेलेली असते. धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातून एक दिवस भरतीपूर्व तपासणी ठेवायला मुंबईहून निधी यायची वाट पाहावी लागू नये.

सैन्यातून परतीची वाट याहून अवघड आहे. निवृत्त सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. परंतु धाराशिवात लष्करी रुग्णालय नाही. गुंतागुंतीच्या आजाराला पुण्याचे कमांड हॉस्पिटल गाठायचे, तर म्हाताऱ्या सुभेदाराने रात्रीची एसटी धरायची. अग्निवीरांचा, म्हणजे चार वर्षांच्या नेमणुकीवरच्या सैनिकांचा, प्रश्न तर आणखी तीव्र आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतील, बाकीचे घरी येतील. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या या मुलाने उणे तापमानात पहारा दिलेला असेल, हिमदंशाने बोटांची संवेदना गमावलेली असेल, रात्री दचकून उठत असेल. अपंगत्वाच्या चौकटीत न बसणारे हे दुखणे मग एकट्या आईबापांनी निस्तरायचे का? सेवेत केलेल्या कामातून पुढे उद्भवणाऱ्या आजारांवर उपचाराची जबाबदारी केंद्राने लेखी घेतली पाहिजे. चार वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. अग्निवीराच्या फुप्फुसांनी त्या काळात सवलत मागितली नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार टोचते. लष्कराच्या वैद्यकीय दलात पंधरा-वीस वर्षे काढून गावी आलेला नर्सिंग असिस्टंट आज कुठे दिसतो? एटीएमच्या दारात खुर्ची टाकून, नाहीतर साखर कारखान्याच्या फाटकावर वहीत ट्रकचे नंबर लिहिताना. त्याच फाटकापासून थोड्या अंतरावर महामार्ग आहे. तिथे ट्रकखाली पाय चिरडलेला दुचाकीस्वार पडतो, भोवती गर्दी जमते, कोणी पाणी पाजते, कोणी मोबाइलवर चित्रण करते आणि मांडीतून रक्त वाहत राहते. 108 ची रुग्णवाहिका निघालेली असते, पण तिला यायला वेळ लागतो. बचित्तर सिंगांची जखम नळदुर्गच्या रस्त्यावर आजही होते, फक्त गोळीऐवजी चाकाने.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने अशा निवृत्त वैद्यकीय जवानांची तालुकावार यादी करावी. जिल्हा परिषदेने त्यांना महामार्गालगतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानधनावर घ्यावे. हॉटेलवाले, टोलनाक्यावरची मुले, पेट्रोलपंपावरचे कामगार, वाहतूक पोलीस यांना टूर्निकेचा पट्टा कसा आवळायचा हे या जवानांकडूनच शिकवून घ्यावे. एका दुपारचे काम आहे. सुरुवात नळदुर्गपासून करावी, आणि पहिला वर्ग येत्या 13 सप्टेंबरला किल्ल्याच्या पायथ्याशी भरवावा.