जेवणाचे दुखणे आणि घरातले बोलणे

आपल्याकडे माणसाची विचारपूस जेवणावरून होते. पाहुणा दारात आला की 'जेवलास का?' हा पहिला प्रश्न, आणि 'किती वाळलीस ग!' नाहीतर 'अंगाने चांगली भरलीस हो!' हा त्यामागून येणारा शेरा. यात माया असते हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या घरात एखाद्याचे जेवणाशीच बिनसले आहे, तिथे ही माया जखमेवर मीठ चोळल्यासारखी लागते. म्हणून आज कीड आणि खते बाजूला ठेवून आम्ही या दुखण्याविषयी, आणि विशेषतः त्याविषयी घरात कसे बोलावे याविषयी लिहीत आहोत.

जेवणाशी बिनसणे म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. एखाद्या मुलीला भूक लागते, पण ती खाण्यालाच भिते. 'मैत्रिणीकडे जेवले' असे सांगून वेळ मारून नेते, आणि ताटातली भाकरी गुपचूप कुत्र्याला जाते. दुसरा कुणी दिवसभर उपाशी राहतो, रात्री सगळे निजल्यावर डबे रिकामे करतो, आणि मग शरमेने मोरीत जाऊन ओकतो. तिसरा ओकत नाही, पण खाणे हाताबाहेर गेले की दोन दोन दिवस कुणाला तोंड दाखवीत नाही. डॉक्टरांनी यांना निरनिराळी नावे दिली आहेत. पहिल्या प्रकारास ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांच्या १८७४ साली छापलेल्या निबंधातले आहे. दुसऱ्यास बुलिमिया नर्व्होसा. त्याचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले. तिसऱ्या प्रकारास अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथात २०१३ साली स्वतंत्र आजाराची जागा मिळाली.

तेव्हा 'ही सारी सिनेमाची आणि मोबाईलची थेरे आहेत' असे म्हणणाऱ्यांनी १८७४ हे साल ध्यानात ठेवावे. सिनेमा तेव्हा जन्माला यायचा होता. हा आजार केवळ मुलींचा, हेही खरे नव्हे. वजनी गटात बसण्यासाठी उपाशी राहणारा कुस्तीगीर पोरगा या वाटेला लागू शकतो. आणि शरीर पाहून तो ओळखता येईलच असेही नाही. ओकणाऱ्याचे वजन पुष्कळदा चारचौघांसारखेच असते.

घरच्यांची खरी अडचण अशी की त्यांना हा हट्ट वाटतो. 'दोन धपाटे घातले की जेवेल,' असे म्हणणारे वडीलधारे आम्हांला ठाऊक आहेत. हा निव्वळ हट्ट का नव्हे, ते एका जुन्या प्रयोगावरून चांगले कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात उपासमार पसरली होती, आणि उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणावे याचे पक्के ज्ञान नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुण निवडले. शस्त्र हाती घेण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेले हे तरुण होते. त्यांतले बरेच शांततावादी ख्रिस्ती पंथांतले. ते स्वखुशीने आले होते. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न मिळाले.

शरीर खंगले, हृदयाचे ठोके मंदावले, थंडी सोसेना, यात नवल नाही. नवल मनाचे झाले. शहाणीसुरती, विचारी माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. ज्यांनी कधी चूल पाहिली नाही ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. एकेक घास तासभर चघळावा, ताट चाटावे, थट्टामस्करी सोडून एकटे बसावे, क्षुल्लक बोलण्यावर चिडावे, असे त्यांचे झाले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींना किती खाल्ले तरी समाधान होईना. या तरुणांना आधी मनाचा कोणताही विकार नव्हता. हे सारे उपाशीपणाने आणले होते. आता आपल्या घरातली मुलगी आठवावी, जी स्वतः खात नाही पण सगळ्यांसाठी हौसेने रांधते, घास चिवडीत बसते, चिडते आणि एकटी राहते. उपाशी मेंदूशी वाद घालून तो जिंकता येत नाही. म्हणून आमचे मत असे की आपल्या बोलण्याचा हेतू तिला पटवणे हा नसावा. तिचा विश्वास टिकावा आणि ती मदतीपर्यंत पोहोचावी, एवढाच असावा.

बोलायचे ते ताटावर नको. ताट समोर असताना ती आधीच भेदरलेली असते. शेंगा सोलताना, गोठा झाडताना, शेताच्या वाटेने चालताना बोलावे. दोघांचे हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले की जड गोष्ट तोंडातून सुटते. बोलणारे एकच माणूस असावे. काका, मामा, आत्या यांची पंचायत बसवली की पोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. आणि बोलावे ते आपण पाहिलेले, तिच्या वजनाविषयी किंवा रूपाविषयी नव्हे. आईने असे म्हणावे: 'बाळ, महिनाभर तू आमच्यासंगं जेवायला बसत नाहीस. काल तुला चक्कर आली ती मी बघितली. मला तुझी काळजी वाटते. काय होतंय ते सांगशील मला?' आणि मग गप्प बसावे. हे गप्प बसणेच आपल्याला जमत नाही.

ती बहुधा 'काही नाही' म्हणेल, कदाचित चिडून उठून जाईल. तेव्हा 'खोटं बोलतेस' म्हणून मागे लागू नये. 'बरं, आज नको सांगूस. मी परत विचारीन,' असे म्हणावे आणि चार दिवसांनी खरेच विचारावे. एकदा विचारून सोडून देणे हे न विचारण्यासारखेच आहे. ती बोलू लागली तर मध्येच उपाय सांगू नये. 'हे एवढं सगळं तू एकटी सोसत होतीस!' एवढे वाक्य पुरते. आणि डॉक्टरांपासून लपवण्याचे वचन मात्र कधी देऊ नये. 'तू मला सांगितलंस, आता आपण दोघी मिळून डॉक्टरांकडं जाऊ,' असे सांगावे.

१९७२ च्या दुष्काळात आयात मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढलेल्या पिढीला ताटातले अन्न टाकलेले पाहवत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण 'लोकांना मिळत नाही आणि तू टाकतेस' हे वाक्य या आजारात उलटे लागू पडते. ती आधीच स्वतःला दोषी मानीत असते; तिला आणखी एक दोष मिळतो, घास मिळत नाही. कौतुकाचेही तसेच. 'आता कशी छान दिसतेस, अंग धरलंस' असे म्हटले की तिच्या कानांवर 'जाड झालीस' एवढेच पडते. 'आज तू हसलीस, बरं वाटलं' असे म्हणावे. आणि स्थळे पाहायला सुरुवात झाली की 'जरा बारीक हो, फोटो चांगला येईल' असे सांगणाऱ्या मावश्यांविषयी आम्ही काय लिहावे! कोवळ्या वयात ऐकलेले असे एक वाक्य आजाराच्या पायरीपर्यंत नेऊन सोडायला पुरते.

उपवासाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण या आजाराला लपायला उपवासासारखी सोयीची जागा नाही. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी आहे, तेही १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्यांना, आणि त्या दिवशीही एक वेळ पोटभर जेवता येते. आजारी माणसाला त्यातून सूट आहे. ज्याचा उपवास ईस्टर उलटला तरी सुटत नाही, त्याच्या भक्तीचे कौतुक करू नये; त्याला हलकेच बाजूला घेऊन विचारावे. 'तुला उपवास नाही, जेवणे हेच तुझे आज्ञापालन,' हे धर्मगुरूंनी स्वतः सांगितले तर घरच्यांचे अर्धे ओझे उतरते.

कुणी विचारील, मग जेवणाविषयी काहीच म्हणायचे नाही काय? तसे नाही. लंडनच्या मॉडस्ली इस्पितळातील डॉक्टरांनी आईबापांना दोष न देता त्यांनाच उपचारात पुढे घेतले, आणि कमी वयाच्या, नुकत्याच आजारी पडलेल्या मुलांना त्याचा चांगला उपयोग झाल्याचे १९८७ साली प्रसिद्ध केले. डॉक्टर ठरवून देतील ते अन्न आईने किंवा बापाने वाढायचे, शेजारी बसायचे, आणि शांतपणे म्हणायचे, 'हे तुझं औषध आहे. संपेपर्यंत मी बसते तुझ्याजवळ.' मग गप्पा पावसाच्या, शाळेच्या. घासाघीस नाही, आरडाओरडा नाही, माघारही नाही. मोठ्या वयाच्या माणसावर मात्र अशी सक्ती चालत नाही. तिथे त्याच्या संमतीनेच पुढे जावे लागते.

खंगलेल्या बैलापुढे एकदम धान्याची पाटी ठेवली तर बैल दगावतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माणसाचेही कारण निराळे असले तरी धोका तोच. फार वाळलेल्या माणसाला एकाएकी भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. तेव्हा अशाला पुन्हा अन्नावर आणणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. भूक वाढवायची टॉनिके आणून देण्यात काही अर्थ नाही. भूक तिला आहेच.

डॉक्टरांकडे जायचे आणखी एक कारण आहे. वजन उतरणे, पाळी बंद होणे, केस गळणे हे क्षय, मधुमेह किंवा थायरॉईडनेही होते, म्हणून घरी बसून निदान करू नये. सारखे ओकल्याने रक्तातले पोटॅशियम उतरते आणि हृदयाची लय बिघडते. माणूस बेशुद्ध पडला, छातीत धडधडू लागले, उलटीत रक्त दिसले, पाणीही घेईना, किंवा जगणे नको असे बोलू लागला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मानसिक आजारांत सर्वांत अधिक जीव घेणाऱ्यांत ॲनोरेक्सिया मोडतो. आमच्या भागातल्या लोकांना धारवाडची 'डिमहान्स' ही सरकारी संस्था जवळ आहे. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस फुकट चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. आजाऱ्याची तयारी नसेल तर आधी आईबापांनी फोन करून सल्ला घेतला तरी चालतो.

सुधारणेला महिने लागतात, कधी वर्षे, आणि मध्ये घसरणही होते. सण, लग्न, नाताळचे जेवण हे दिवस विशेष कठीण. त्याच्या आदल्या दिवशीच नातलगांना फोन करून सांगून ठेवावे: 'आत्याबाई, उद्या पोरीच्या अंगाबद्दल, ताटाबद्दल काही बोलू नका. तिच्या शेळीला दोन करडं झालीत, त्यांचं विचारा.'