पगारातून कापलेली आशा

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात एक रकाना असतो, व्यवसाय कराचा. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मी बावीस वर्षं तो भरत आलो आणि हा कर कशासाठी, असं एकदाही कुणाला विचारलं नाही. आयकराला नावं ठेवण्यातच सगळा उत्साह संपत असे. हवामानबदलाचा विषय निघाला की माझे स्नेही ज्या दोन-चार वाक्यांत त्याचा निकाल लावतात, त्यांना उत्तर शोधताना मला हा रकाना आठवला. त्याकडे येतोच. आधी ती वाक्यं बघू.

पहिलं वाक्य असं, की आता फार उशीर झाला, काही होणार नाही. हे म्हणणारा माणूस अडाणी नसतो, उलट तो वाचणारा असतो. औद्योगिक क्रांतीपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाची रेघ ओलांडणारं २०२४ हे पहिलं वर्ष ठरलं, हे त्याला पाठ असतं. माहिती त्याची बरोबर आहे, पण त्याच्या मनात दीड अंश म्हणजे मुक्कामाची एसटी झाली आहे. ती सुटली, आता फलाटावर बसून रात्र काढायची. तापमानाचं तसं नाही, ते अंगातल्या तापासारखं आहे. ताप १०२ वर गेला म्हणून घरात कुणी औषध बंद करत नाही, १०४ होऊ नये म्हणून तर रात्रभर पट्ट्या ठेवतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सुमाराला शतकअखेर जग तीन-साडेतीन अंशांकडे निघालं होतं. आजच्या धोरणांवर तो अंदाज पावणेतीनच्या आसपास आहे. पावणेतीन भयंकरच आहे, त्यात कुणाला समाधान वाटत असेल तर त्याने मराठवाड्यात एक मे महिना काढून यावं. पण मधला जो अर्धा-पाऊण अंश कमी झाला तो आपसूक नाही झाला. कुणीतरी कायदे केले, कुणीतरी कोळशाचे प्रकल्प अडवले, कुणीतरी सौर पॅनेल इतकी स्वस्त केली की धंदेवाईकालाही ती परवडू लागली.

आणि समजा, तापमान आपल्या हाती राहिलंच नाही. तरी माणसं मरणं-न मरणं किती प्रमाणात आपल्या हाती राहतं हे ओडिशाने दाखवलं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. चौदा वर्षांत समुद्र काही शांत झाला नव्हता. निवारे बांधले होते, गावोगाव कुणी कुणाच्या घरी जाऊन दार वाजवायचं हे ठरलं होतं. आपल्याकडे २०१४ साली माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. मग २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी. 'उशीर झाला' हे वाक्य ओडिशात जाऊन ऐकवू नका आणि इर्शाळवाडीत तर त्याहून नका.

दुसरं वाक्य जास्त भारदस्त आहे. बिघडवलं पाश्चात्त्यांनी, निस्तरायचं आम्ही का? आकडे या बाजूने आहेत. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकन माणसामागे चौदा टनांच्या घरात. हे जागतिक परिषदेत टेबलावर मूठ आपटून सांगायलाच हवं. पण हेच वाक्य आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोललं जातं तेव्हा त्याचा अर्थ पार बदलतो. चार एसी आणि दोन गाड्यांचं घर त्या दोन टनांच्या सरासरीत अंग चोरून बसतं. ती सरासरी इतकी देखणी का दिसते? कारण दर दिवाळीच्या आगेमागे बीडहून 'कोयता' निघतो. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक. त्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पंखासुद्धा नसतो. न्यायाचा मुद्दा आहे तो त्या जोडीचा. तो उचलून आपल्या एसीला लावणं याला माझ्या आजीच्या भाषेत उसनवारीही म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

तिसऱ्या वाक्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण ते अर्धं खरं आहे. 'मी एकट्याने कापडी पिशवी नेऊन काय होणार?'

फार काही नाही. हे मान्य करायला पर्यावरणप्रेमी कचरतात, म्हणून मी आधी करून टाकतो. मी स्वतः बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं होतं. पहिल्या पावसाळ्यात त्यात अळ्या झाल्या, दुसऱ्यात खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तिसऱ्यात तो ड्रम घरकाम करणाऱ्या मावशींनी पाणी भरायला नेला. त्या तीन वर्षांत पृथ्वीचं काय भलं झालं ते मला सांगता येणार नाही. शिवाय आपल्या कार्बनच्या ठशाचा हिशेब आपणच मांडत बसायची ही सवय घरोघरी कुणी पोचवली? ब्रिटिश पेट्रोलियमने. २००४ च्या सुमाराला त्या कंपनीने लोकांना स्वतःचा ठसा मोजायचं यंत्र संकेतस्थळावर दिलं आणि त्याची जाहिरात केली. तेल विकणाराच गिऱ्हाइकाला विचारतो, काय हो, तुम्ही तेल फार जाळता का? दारूच्या गुत्त्यावर व्यसनमुक्तीची पाटी लावण्याचा हा प्रकार.

एवढं कळलं की आमच्यातले काही हुशार लोक उडी मारून दुसऱ्या टोकाला जातात. वैयक्तिक कृती हे सगळं थोतांड, बदलायची तर व्यवस्था बदला. आणि व्यवस्था बदलेपर्यंत? तोवर ते गाडी काढून व्यवस्थेवरच्या व्याख्यानाला जातात. व्यवस्था म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू असावी आणि तिच्यात आपलं नाव कुठेच नसावं, अशी ही समजूत आहे.

नगर जिल्ह्यातलं, आताच्या अहिल्यानगरमधलं हिवरे बाजार ऐकून ऐकून वाचक कंटाळले असतील. माफी मागून पुन्हा सांगतो, कारण त्या गावाची गोष्ट आपण चुकीच्या ठिकाणी संपवतो. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना डोंगरावर चर खोदले, झाडं लावली, पाणी अडवलं, गाव हिरवं झालं, टाळ्या. खोदकाम महाराष्ट्रात पुष्कळ झालं आहे. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजलाच्या पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, असं कॅगने २०२० च्या अहवालात म्हटलं. मग हिवरे बाजारातच पाणी का टिकलं? पाऊस तर तिथे चारशे मिलिमीटरच्या आसपास. टिकलं ते ग्रामसभेच्या ठरावांमुळे. शेतीसाठी बोअर मारायची नाही. ऊस, केळी लावायची नाहीत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. दरवर्षी पावसाचा आणि विहिरींचा ताळेबंद सभेपुढे मांडायचा, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात काय पेरायचं ते ठरवायचं.

आता त्यातला एक शेतकरी घ्या. त्याने ऊस लावला नाही, ही वैयक्तिक कृती की सामूहिक? गावात कुणाचंच तसं ठरलेलं नसताना त्याने एकट्याने ऊस सोडला असता, तर बांधापलीकडच्याने बोअर मारून त्याच्या विहिरीचं पाणी खालून उपसलं असतं आणि वर त्यालाच खुळ्यात काढलं असतं. ठराव झाल्यावर त्याच कृतीला साऱ्या गावाचं वजन आलं. आपण वर्षानुवर्षं 'वैयक्तिक की सामूहिक' असा फड रंगवतो, पण हिवरे बाजारच्या विहिरीत डोकावलं तर तिथे हे दोन प्रकार वेगळे काढता येत नाहीत. उलट उदाहरण हवं तर लातूर घ्या. २०१६ च्या एप्रिलपासून तिथे मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं आणि त्याच भागात पाण्याच्या जिवावर ऊस उभा होता. उसाच्या प्रत्येक मालकाने आपल्यापुरता हिशेब बरोबरच केला होता.

चौथं वाक्य निराशावाद्यांचं नाही, म्हणून ते जास्त घातक आहे. सकारात्मक राहा, म्हणे. एक झाड लावा, फोटो काढा, प्रेरणा घ्या. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांची मोहीम काढली. त्यातली जगली किती, हे शोधायला पुढे विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. खड्डा खणायला उत्साह पुरतो. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी घालायला हजेरीपट लागतो. या सकारात्मक मंडळींचं आवडतं उदाहरण म्हणजे शेतकरी. बघा, पाऊस दडी मारतो, पेरलेलं जळतं, तरी तो दुबार पेरणी करतो, केवढी ही आशा! मी ज्या घरातून आलो तिथे दुबार पेरणी बघितली आहे. दुसरं बियाणं उधारीवर यायचं आणि त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्याला आशा म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. त्याच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता, एवढंच. ज्याला पीकविमा वेळेवर मिळाला त्याच्या घरात मात्र त्या दिवशी चहा झाला.

तर आता तो व्यवसाय कर. बहात्तरचा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यात मृत्युपत्रासारखा येतो: मिलो ज्वारी, सुकडी, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी कुटुंबं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. काम मागणाऱ्याला काम देणं हा सरकारचा उपकार नसून त्या माणसाचा हक्क असावा, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्याआधीपासून मांडत होते आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा छोटा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने ती राज्यभर पसरवली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला, २००५ मध्ये त्याच वाटेने देशाचा कायदा आला. पण पैसा? त्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर एक कर बसवला. तोच माझ्या पगारपत्रकातला रकाना. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापून सांगोल्याच्या मजुराला काम. त्या कामातून पाझर तलाव, बांध, विहिरी, समतल चर उभे राहिले. हिवरे बाजारच्या डोंगरावरच्या कामातही रोजगार हमी योजनेचा पैसा आहे.

या योजनेत खोटे हजेरीपट झाले, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, कराचा पैसा इतर कामांकडे वळल्याच्या तक्रारी झाल्या. ते सगळं मोजूनसुद्धा मी म्हणेन की हवामानबदल हा शब्द आपल्या बोलण्यात यायच्या कितीतरी आधी, त्याला तोंड द्यायचं सर्वांत मोठं हत्यार या राज्याने घडवलं होतं. आणि ते घडवताना कारकुनाला कुणी विचारलं नव्हतं की तुला प्रेरणा झाली आहे का, आशा वाटते का, पृथ्वीविषयी आज मनात काय भावना आहेत. पगारातून कापले. त्याने मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, मी तर त्याही दिल्या नाहीत. तरी चर खोदले गेले आणि त्यात पाणी मुरलं.

म्हणून आधी आशा मग काम, या क्रमावरच माझा आक्षेप आहे. 'मला आतून काही वाटत नाही' अशी कबुली देणाऱ्या तरुणांना मी हल्ली एकच विचारतो: तुझं नाव कुठल्या वहीत आहे? ग्रामसभेच्या, वॉर्ड समितीच्या, कामगार संघटनेच्या, शाळेच्या पालक सभेच्या, कुठल्याही. जिथे तू गेला नाहीस तर चौघांना कळेल, अशी वही. वाटणं त्याच्या मागून येतं. कधी येतही नाही, आणि त्याने फारसं अडत नाही.

माझी वही आमच्या सोसायटीची. गच्चीवर सौर पॅनेल बसवून लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवायचे, असा प्रस्ताव गेल्या वर्षी आला. सामायिक वापरासाठी केंद्राच्या योजनेतून किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, बाकीचे घरटी काढायचे. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, गच्ची तापते ती आमच्या डोक्यावर, तेव्हा वर्गणी कमी घ्या. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. एका काकूंनी पापड कुठे वाळवायचे ते विचारलं, आणि खरं सांगतो, सगळ्या चर्चेत तेवढाच प्रश्न मुद्द्याचा होता. पॅनेलांच्या दोन रांगांमध्ये जागा सोडायचं ठरलं. मी त्या सभांमध्ये भाषण केलं नाही, इतिवृत्त लिहिलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात बरंच असतं.

गेल्या रविवारी अंतिम मंजुरीची सभा होती, सकाळी दहाला. साडेदहापर्यंत आलो आम्ही नऊ जण. क्रिकेटचा सामना होता, शिवाय कुणाची तरी मुंज. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. कुणीतरी चहा सांगितला. अकरा वाजता त्याच खुर्च्यांवर तेच नऊ जण पुन्हा बसलो, कारण उपविधीत लिहिलेलं आहे की तहकूब सभेला कोरम लागत नाही. ठराव क्रमांक सात, सर्वानुमते मंजूर.