अकारविल्हे गाणी कोणासाठी?

गाण्यांची यादी पहिल्या अक्षरावरून लावण्यात काही गैर आहे, असे सहसा कोणालाच वाटत नाही. आम्हालाही फार दिवस वाटत नव्हते. गेल्या गणपतीत मालवणजवळच्या एका वाडीत, एका मंडळाने हौसेने छापलेली पुस्तिका आमच्या हाती आली आणि हे मत बदलले. आरत्या, भजने, फुगडीची गाणी, शिमग्याची गाणी, शिवाय रेडिओवर गाजलेली काही भावगीते, अशी सारी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत शिस्तीत बसवलेली होती. प्रस्तावनेत म्हटले होते की नव्या पिढीने ही गाणी जरूर गावीत, म्हणून हा खटाटोप.

ओसरीवर बसलेल्या एका आजींना त्यातली दोन पाने वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, "ह्या गाणा कधी म्हणूचा, ता खय लिवला हा?" ते कुठेच लिहिलेले नव्हते. गौरीपुढे फेर धरून म्हणायचे गाणे आणि शिमग्यात दारोदार फिरताना म्हणायचे गाणे शेजारी शेजारी बसली होती, कारण दोन्हींचे पहिले अक्षर एक होते. आमचा वाद त्या मंडळाशी नाही. त्यांनी निदान कष्ट घेतले. वाद आहे तो या समजुतीशी, की अक्षरांची रांग लावली म्हणजे गाण्यांची ओळख करून दिली.

आद्याक्षराचे खरे काम काय, हे भेंड्या खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समोरच्याने 'म' दिला की आपल्या मनात 'म'ची गाणी जागी होतात. ती आधीपासून आत असतात म्हणूनच जागी होतात. ज्याला गाणी येत नाहीत त्याला 'म' देऊन काय उपयोग? जपानात 'शिरितोरी' नावाचा शब्दांच्या भेंड्यांचा खेळ आहे. त्यात ज्याचा शब्द अनुनासिक 'न्'ने संपला तो हरला, कारण त्या अक्षराने तिथे शब्द सुरू होत नाही. आपल्याकडे 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, पण आपण 'ळ'चा 'ल' करून घेतो आणि खेळ पुढे नेतो. नियम कडक असो वा सैल, दोन्हीकडे भांडवल एकच: पाठांतर.

जपानी लोकांनी तर आद्यध्वनीची कला फार पुढे नेली आहे. शंभर कवींच्या शंभर कवितांचा एक जुना संग्रह आहे, 'ह्याकुनिन इश्शू'. त्यावर पत्त्यांचा खेळ खेळतात. वाचणारा कवितेचा आरंभ उच्चारतो आणि खेळाडू तिच्या उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलतो. शंभरांपैकी सात कविता अशा आहेत की पहिला एकच ध्वनी कानी पडताच त्या ओळखता येतात. मात्र हे करणाऱ्याने आधी शंभरच्या शंभर कविता तोंडपाठ केलेल्या असतात. आद्यध्वनी तिथे किल्ली आहे, पण घर आधी बांधलेले आहे. आणखी गंमत अशी की जपानी वर्णांचा रूढ क्रम, अ-इ-उ-ए-ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व, हा भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून घडलेला आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर ही मांडणी तिकडे नेली. 'ह' तिथे 'म'च्या आधी, म्हणजे आपल्या 'प'च्या जागी बसतो, कारण प्राचीन काळी त्याचा उच्चार 'प'सारखा होता. अकारविल्हे मांडणी ही काही बाहेरून आलेली बला नव्हे. ती आपलीच आहे. म्हणूनच तिची मर्यादा आपल्याला अधिक कळायला हवी.

ती मर्यादा अशी: सूची माहितीच्या गाण्यापर्यंत नेते, शिफारस अपरिचित गाण्यापर्यंत नेते. 'अमुक गाणे ऐका' असे सांगणाऱ्याने ते का, केव्हा आणि कशानंतर ऐकावे हे सांगणे लागते. मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, जन्म १९२९चा. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर त्याच परिसरातले, जन्म १९३०चा. एकाच किनाऱ्याच्या या दोन कवींची गाणी एकापाठोपाठ ऐकली तर कान उघडतात. अक्षरांच्या रांगेत ते भेटलेच तर योगायोगाने भेटणार.

हे झाले छापील कवींचे. मालवणी मौखिक गाण्याचे हाल याहून वाईट. छापील गीताची पहिली ओळ ठरलेली असते. बहुतेकदा तीच त्याचे नाव होते. फुगडीच्या गाण्याला अशी ठाम सुरुवात असतेच असे नाही. उचलणारी बाई कधी 'गो' म्हणून हाक घालते, कधी 'अगो', कधी 'गे बाय', आणि मग गाणे चालू लागते. तेच गाणे एका वाडीत 'ग'खाली जाणार, दुसऱ्या वाडीत 'अ'खाली. मग संपादक काय करणार? एक तर एकाच गाण्याची दोन गाणी करणार, नाही तर हाक छाटून 'शुद्ध' पहिली ओळ तयार करणार. दुसरा प्रकार आम्हाला अधिक भयंकर वाटतो. त्यात यादीच्या सोयीसाठी गाण्याचे तोंडच बदलले जाते.

मग काय करावे? उत्तर जवळच आहे. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही जुन्या भजनीबुवांची वही उघडून पाहा. ती बारीच्या क्रमाने चालते: आधी स्तवन, मग रूपाचा अभंग, पुढे गौळण, गजर आणि अखेरीस भैरवी. तपशील बुवांगणिक बदलतो, पण प्रत्येक पदाला वेळ आहे, शेजार आहे. डबलबारीत समोरच्या बुवांना उत्तर द्यायचे तर हा शेजारच कामी येतो. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. छापील गाथांना अभंगांची अकारविल्हे सूची जोडलेली असते, पण ती पुस्तकाच्या टोकाला, सेवेकऱ्यासारखी. पुस्तक तिच्या हुकमाने चालत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानत नाही. अक्षरांचा क्रम निःपक्षपाती आहे. तो जात पाहत नाही, कीर्ती पाहत नाही. त्यात तुकोबा आणि अनामिक बाई एका पंगतीला बसतात. मान्य. पण त्या पंगतीत बाई अनामिकच राहते. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून 'परी' या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर आणल्या. त्या संग्रहाचे वर्गीकरण आशयावर बेतलेले आहे, आणि गाणारीचे नाव व गाव जपलेले आहे. समता आणायचीच असेल तर ती अशी येते. नाव पुसून एका ओळीत उभे करणे ही समता नव्हे, हजेरीपट आहे.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. सिंधुदुर्गात ज्या शाळा, मंडळे, हौशी संपादक गाण्यांची पुस्तके काढतील, त्यांनी अकारविल्हे सूची अवश्य द्यावी, पण शेवटच्या पानांवर. पुढे गाणी प्रसंगाने लावावीत: गौरी-गणपती, नारळी पौर्णिमा, जत्रा, शिमगा, लग्न. प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी लिहाव्यात: कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या चालीवर, आणि ते कधी म्हणायचे. सांगणारीची नाव छापायला हरकत असेल तर तिची इच्छा पाळावी. गाव तरी राहू द्यावे. हाक छाटू नये.

हे काम पुढच्या वर्षांवर ढकलण्यासारखे नाही. शब्द कुठल्या तरी वहीत मिळतील, चाल एखाद्या ध्वनिफितीत सापडेल. पण 'कधी म्हणूचा' हे बहुधा माणसांच्याच आठवणीत असते. ज्या आजींनी आम्हाला तो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्यांना ठाऊक होते. पुस्तिका करणाऱ्यांपैकी कोणी त्यांना ते विचारलेच नव्हते.