शेवटच्या मजल्यावर पाणी चढतं का?

जानेवारी संपत आला की सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे फोन सुरू होतात. या आठवड्यातही तेच. ‘फॉर्म बी लवकर कोण देईल, सांगा ना.’ इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सीने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं प्रमाणपत्र म्हणजे हा फॉर्म बी. एका सेक्रेटरींनी त्यांच्या हाती आलेला फॉर्म मला दाखवला. सही, शिक्का, परवाना क्रमांक, सगळं जागच्या जागी. एजन्सीचा माणूस तपासणीला कधी येऊन गेला, हे मात्र त्यांना सांगता येईना. वॉचमनलाही आठवेना. गेटवरच्या वहीतही नोंद नव्हती. आलाच नसेल तर नोंद कुठून असणार? मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम इथे सगळा उगाळत नाही. एवढंच सांगतो की ही यंत्रणा चालू ठेवण्याची कलम 3 ची जबाबदारी विकासकाची, मालकाची, भोगवटादाराची आहे. एजन्सी प्रमाणपत्र देते, म्हणून यंत्रणा चालू ठेवण्याचं कर्तव्य तिच्या गळ्यात जात नाही. आणि ‘अजून कन्व्हेयन्स झालेलं नाही, इमारत सोसायटीच्या नावावर नाही, फायर पंपाचं बिल्डर बघेल’ हे तर कमिट्यांनी बोलूही नये. इमारतीत राहता ना तुम्ही?

याच सेक्रेटरींच्या सोसायटीतली लिफ्ट बघा. देखभालीचा वार्षिक करार चोख. महिन्याला मेकॅनिक येतो, लॉगबुकमध्ये सही करतो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली तर पाचव्या मिनिटाला व्हॉट्सअॅप ग्रुप पेटतो, आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर सेक्रेटरींना जिन्यात गाठून जाब विचारला जातो. लिफ्टच्या खर्चाला सर्वसाधारण सभेत कुणी हरकत घेत नाही. याच इमारतीत, याच सभासदांच्या वर्गणीतून चालणारा फायर पंप तळघरात आहे. त्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे, हे कळायला मला बराच वेळ थांबावं लागलं. दार उघडलं तर आत रंगाचे डबे आणि गणपतीच्या मांडवाचं सामान. पॅनेलवर जॉकी पंपाचा स्विच ‘ऑफ’.

तो स्विच बंद का होता, ते समजून घेण्यासारखं आहे. आगीसाठीचं पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपमध्ये, म्हणजे रायझरमध्ये, पाण्याचा दाब कायम राहावा म्हणून छोटा जॉकी पंप असतो. दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो, दाब भरला की थांबतो. पाइपला कुठे गळती असेल तर तो रात्रंदिवस सुरू-बंद होत राहतो. आवाज होतो, वीजबिल वाढतं, तळमजल्यावरचे तक्रार करतात. गळती शोधायची तर खर्च आहे, म्हणून कुणीतरी स्विच बंद करतो. हळूहळू पाइप रिकामा होतो. मग उन्हाळ्यात पाणीटंचाई येते आणि आगीसाठी राखलेलं टाकीतलं पाणी घरगुती वापराच्या टाकीत चढवलं जातं. अलार्म दोनदा विनाकारण वाजतो, म्हणून हूटरची वायर काढली जाते. होज बॉक्समधला पितळी नोझल चोरीला जातो आणि नवा येत नाही. यातल्या एकाही गोष्टीने कोणाचा दिवस अडत नाही. लिफ्ट आपल्याला रोज लागते म्हणून ती रोज तपासली जाते. आग विझवायची यंत्रणा बंद असल्याचं इमारतीला आग लागेपर्यंत कळतच नाही.

ताडदेवच्या सचिनम हाइट्समध्ये 22 जानेवारी 2022 ला सकाळी आग लागली, माणसं गेली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, असं अग्निशमन दलानेच सांगितलं. त्याआधी तीनच महिने, 22 ऑक्टोबर 2021 ला, करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये 19 व्या मजल्याला आग लागली. तिथला एक सुरक्षारक्षक बाल्कनीतून खाली पडून दगावला. साठ मजल्यांची, कोट्यवधींच्या घरांची ती इमारत, आणि तिथलीही यंत्रणा बंद आढळली. माझं जुनं मत आहे: लॉबीत जितका इटालियन संगमरवर जास्त, तितकी पंपाची खोली अंधारी. त्याची आकडेवारी माझ्याकडे नाही, पण इमारती बघत फिरतो तसतसं ते मत पक्कं होत चाललं आहे. आणि मालक खुद्द शासन असलं तरी काही फरक पडत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आगीत 10 नवजात बाळं दगावली. तोही प्रमाणपत्राचाच महिना होता.

फॉर्मचा दोष कुठे आहे तेही सांगतो. लिफ्ट बघायला सरकारचा निरीक्षक असतो. फॉर्म बी देणारी एजन्सी मात्र आपण निवडतो आणि तिचे पैसे आपणच देतो. ‘तुमचा पंप बंद आहे, सही करणार नाही’ असं जी एजन्सी सांगेल, तिला पुढच्या जुलैत कोण बोलावेल? ही रचना शासनाने बदलायला हवी आणि एजन्सी कोणत्या इमारतीत जाणार, ते अग्निशमन दलाने ठरवावं. इमारत मालकांच्या संघटना विरोध करतील, तरी हे करायला हवं.

तोवर सभासदांच्या हातात एक गोष्ट आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडायला लावा. मेन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि वर साधारण साडेतीन किलोचा दाब मिळाला पाहिजे. डिझेल पंप असेल तर वीज तोडून तोही चालवून बघा. हे सगळं सभासदांसमोर, तारीख लावून, मोबाइलवर चित्रित करून. अर्ध्या तासाचं काम आहे. हे झाल्याशिवाय फॉर्म बी स्वीकारणार नाही, असा ठराव कोणतीही सोसायटी उद्याच्या सभेत करू शकते.

जानेवारीचे मोजके दिवस उरले आहेत. या रविवारी सेक्रेटरींना पंपाच्या खोलीची किल्ली मागा.