पर्सेंटाइल समजावून कोण सांगणार?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की आपल्या स्टाफरूममध्ये पालकांची रीघ लागते. ९२ पर्सेंटाइल मिळवलेल्या मुलाचे वडील पेढे घेऊन येतात आणि सीओईपीत कॉम्प्युटर मिळेल ना, असे विचारतात. नाही म्हणायला जीव होत नाही. "बघू या, फॉर्म तर भरा," म्हणून आपण वेळ मारून नेतो. त्या मुलाचे नुकसान इथेच सुरू होते.

पीसीएम गटाला ३ लाख विद्यार्थी बसले असे धरले, तर ९२ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे २४ हजार मुले असतात. ९९ च्या पुढेही ३ हजार. हा हिशेब फळ्यावर मांडला की पालकांना चटकन उमगतो. तो आपण मांडत नाही, एवढेच.

परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते, आणि सत्रांचे गणित थोडे किचकट आहे. तुलना होते ती त्याच सत्रातल्या मुलांशी. त्यामुळे १२० गुणांना सोप्या सत्रात कमी पर्सेंटाइल मिळते, अवघड सत्रात जास्त. मैत्रिणीपेक्षा जास्त गुण असूनही मागे पडलेल्या मुलीला हा अन्याय वाटतो. तिची शंका अगदीच निराधार नाही, कारण सर्व सत्रांतली मुले सारख्याच तयारीची असतात हे यात गृहीत धरलेले आहे. शिवाय गणिताचा प्रश्न दोन गुणांचा आणि उणे गुण नाहीत. मधल्या गर्दीत असा एक प्रश्न हजारो मुलांच्या पुढे किंवा मागे नेतो. ९८ वरून ९९ वर जायला मात्र बरेच गुण लागतात.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, कटऑफ यादीत प्रत्येक रकान्यात वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल असते. पालक फक्त कंस वाचतात, तोही बरेचदा चुकीच्या रकान्यातला. 'जीओपन'पुढचा 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ आणि 'एस' म्हणजे राज्यस्तर, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पसंतीक्रम लावताना आधार घ्यावा तो क्रमांकाचा.

२०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशात बारावीच्या गुणांना निम्मे वजन होते. आता ते गुण पात्रतेपुरते उरले आणि आपले वर्ग ओस पडले. पण म्हणून निकालानंतरचा सल्लाही पैसे घेणाऱ्या एजंटांवर सोडून द्यायचा का? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने पसंतीक्रम भरण्याच्या दिवसांत निदान एक शिक्षक गेल्या वर्षीची कटऑफ यादी घेऊन पालकांसाठी बसवावा. गणिताच्या शिक्षकांनी यात पुढाकार घ्यावा, ही विनंती.