वाघदेवाला जायला परवाना कशाला?

वाघबारशीला आम्ही नारळ घेऊन वाघदेवाला निघालो, तर नाक्यावर साहेब म्हणतो, "हे अभयारण्य आहे, परवाना आणा." शहरातले पाहुणे तिकीट काढून गाडीने आत जातात. आम्ही मात्र अर्ज लिहायचा, खेपा घालायच्या, मजुरी बुडवायची!

भावांनो, बहिणींनो, वनहक्क कायदा २००६ अभयारण्यालाही लागू आहे. कलम ३ मध्ये शिकार सोडून परंपरेने चालत आलेले हक्क आपले आहेत. कलम ५ ने जंगल आणि जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. मग परवाना कोणी कोणाला मागायचा?

देवस्थानाचा सामूहिक दावा वनहक्क समितीकडे भरा, पोच घ्या, ग्रामसभेत ठराव करा. साहेबापुढं अर्ज नाही, ठराव ठेवायचा. वाघाला देव मानलं ते आम्हीच!