ॲप कुठलं स्वस्त, हे सगळ्यात शेवटी विचारा

आमच्या खोलीतल्या एका भावाचे सहा हजार दिरहम गेले. आठ महिने ओव्हरटाइम करून जमवलेले. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला एक ट्रेडिंग ॲप मिळालं. सुरुवातीला दोनशे दिरहम काढू दिले, म्हणून विश्वास बसला. ॲपमध्ये सहाचे अकरा हजार दिसायला लागले. मुलीच्या ॲडमिशनसाठी पैसे काढायला गेला तर निरोप आला, आधी दोन हजार टॅक्स भरा. तेही त्याने भरले असते. आम्ही फोन हातातून काढून घेतला म्हणून वाचले.

त्याला मूर्ख म्हणू नका. परक्या देशात आल्यावर आपण सगळेच ओळखीच्या माणसाला विचारतो, "शेअरसाठी कुठलं ॲप चांगलं?" आणि उत्तर मिळतं ते ब्रोकरेजचं. माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रोकरेज हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न हा: पैसे अडकले तर मी कोणाच्या दारात जाऊन तक्रार करू शकतो?

इथल्या, म्हणजे युएईतल्या, कंपनीकडे खातं काढणार असाल तर तिच्याकडे सरकारी नियामकाचा परवाना हवाच. दुबईतल्या डीआयएफसीमधल्या कंपन्यांची यादी डीएफएसएच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येते. कंपनीने पाठवलेली लिंक उघडू नका, वेबसाइट स्वतः शोधा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. पैसे एखाद्या माणसाच्या खाजगी खात्यात किंवा क्रिप्टोमध्ये मागितले, तर तिथेच थांबा. नफ्याची हमी दिली, तरीही थांबा.

आता गावाकडच्या जुन्या डिमॅट खात्याचं. आपल्यातले बरेच जण ते तसंच चालवतात. "कोणाला कळतंय?" म्हणतात. पण नोकरीसाठी देश सोडला की फेमा कायद्याने आपण अनिवासी होतो. बँकेला आणि ब्रोकरला ते कळवावं लागतं. साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं, इथून पाठवायच्या पैशासाठी एनआरई उघडायचं, आणि जुने शेअर नव्या एनआरओ डिमॅटमध्ये हलवायचे. फेमा मोडल्यास त्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. बायकोच्या नावावर गुंतवायचं तर खातं तिचं आणि निर्णयही तिचा. तिचा पासवर्ड घेऊन इथून सौदे करू नका.

एनआरआय खात्याचा खर्च बहुतेक ठिकाणी जास्त असतो. शेअर घेतला त्याच दिवशी विकताही येत नाही. लोक याची कुरकुर करतात. मला विचाराल तर आपल्यासारख्यांसाठी ते बरंच आहे. बारा तासांच्या ड्युटीत मचाणावर उभं राहून फोनवर भाव बघायचे, यात पैसाही जाईल आणि कदाचित पायही घसरेल. सेबीने 2024 मध्ये दिलेला हिशोब लक्षात ठेवा: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या 100 पैकी 93 सामान्य लोकांना तोटा झाला. ते लोक तर घरी बसून स्क्रीन बघत होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एजंटचं कर्ज फेडा. मग तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा. नोकरी गेली तर तिकीट आणि घर त्यावरच चालेल. त्यातून उरलं तर शेअर किंवा म्युच्युअल फंड, तेही अशा ब्रोकरकडे ज्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर सापडतो. त्याच्याविरुद्ध सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार करता येते, दुबईत बसूनसुद्धा.

आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी बँकेला किंवा एक्सचेंजवाल्याला कळवा, चॅट आणि पावत्यांचे फोटो जपून ठेवा, दुबई पोलिसांच्या ई-क्राइमवर तक्रार नोंदवा. आमचा भाऊ तीन आठवडे कोणाशी बोलला नाही. त्या तीन आठवड्यांत त्याच ग्रुपमध्ये आपल्याच कॅम्पमधले आणखी चौघे जोडले गेले.